थायरॉइड, शुगर, हाडं: गोळी कधी, कशासोबत आणि किती दिवस?

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं मेडिकल आहे. साठीच्या एखाद्या अक्का येतात, पिशवी काउंटरवर उपडी करतात आणि म्हणतात, ‘हे समदं महिन्याचं द्या.’ पिशवीतून थायरॉइडची डबी पडते, शुगरची पट्टी, कॅल्शियम, रक्तवाढीची गोळी, गॅसची गोळी, आठवड्यातून एकदा घ्यायची ‘डी’ची कॅप्सूल. कधी घेता म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘सकाळी उठलं की एकदम, च्यासंगट. म्हंजे इसरत नाही.’

विसरत नाहीत हे खरं. पण त्या एका कपात कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतं, चहा लोहाला अडवतो आणि शुगरची गोळी रिकाम्या पोटात पडून मळमळ करते. पुढच्या वेळी रिपोर्ट बिघडलेला येतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. त्यांना तरी काय कळणार? चिठ्ठीप्रमाणे सगळं चालूच असतं.

तापाच्या गोळीला एवढे लाड लागत नाहीत, ती तासभर इकडेतिकडे झाली तरी ताप उतरतो. थायरॉइड, स्वादुपिंड, अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) या ग्रंथी जो रस थेट रक्तात सोडतात, म्हणजे हार्मोन, त्यांचा कारभार मात्र चिमूटभरापेक्षाही कमी मालावर चालतो. पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम औषध असतं. थायरॉइडच्या ‘पन्नासच्या’ गोळीत असतं ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. दहा हजार पटींनी कमी. एवढ्याशा औषधातलं थोडं जरी आतड्यात अडकून राहिलं तरी ते रिपोर्टमध्ये दिसतं. म्हणून ही औषधं शरीरात काय करतात आणि त्यांना वेळेचं एवढं पथ्य का, ते इथे सांगतो. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. हे वाचून तो बदलू नका.

टीएसएच वाढला म्हणजे थायरॉइड कमी

‘थायरॉइड वाढलाय हो, बारा आलाय.’ हे वाक्य इतक्यांदा ऐकतो की आता कागद हातात घेऊनच बोलतो. बारा आलेला असतो टीएसएच, आणि तो थायरॉइडचा रस नव्हेच. मागावर कापड कमी निघायला लागलं की मुकादमाचा आवाज चढतो. मेंदूच्या तळाशी बसलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉइडवर तसाच आवाज चढवते, तो टीएसएच. म्हणजे टीएसएच जास्त याचा अर्थ बहुतेक वेळा थायरॉइड कमी काम करतोय. गोळीने रक्तातला रस पुरेसा झाला की आवाज आपोआप खाली येतो.

गोळीत लेव्होथायरॉक्सिन असतं. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं तुमच्या डबीवर पाहिली असतील. शरीर स्वतः जो रस बनवतं, म्हणजे थायरॉक्सिन, तोच हा, कारखान्यात तयार केलेला. त्यामुळे ‘सवय लागेल’ ही भीती धरू नका. ग्रंथीने काम सोडलंय म्हणून बाहेरून भरपाई करायची, इतकंच. रक्तातला हा रस निम्मा व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून एक दिवस गोळी चुकली तर आभाळ कोसळत नाही, आणि म्हणूनच डोस बदलल्यावर आठ दिवसांत तपासणी करूनही उपयोग नाही. सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, तेव्हा कुठे खरा आकडा दिसतो.

गोळी घ्यायची रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता त्यानंतर अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि हिच्यात चार तासांचं अंतर हवं, कारण ते दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला चिकटतात आणि जोडी तशीच बाहेर पडते. मग गॅसच्या गोळीचं काय? तीही उपाशीपोटीच सांगितलेली असते. माझा साधा हिशोब असा: उठल्यावर थायरॉइड, अर्ध्या तासाने गॅसची गोळी, त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता आणि त्यासोबत शुगरची गोळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, लोह संध्याकाळी चहापासून लांब. वर्षानुवर्षं पॅन्टोप्रॅझोलसारखी गॅसची गोळी घेणाऱ्यांच्या पोटात आम्लच कमी असतं, त्यामुळे थायरॉक्सिन नीट विरघळत नाही. गॅसची गोळी नव्याने सुरू झाली किंवा बंद झाली तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

ज्यांना सकाळी चहाशिवाय डोळेच उघडत नाहीत त्यांनी डॉक्टरांना विचारून ही गोळी रात्री घ्यावी, जेवणानंतर किमान तीन तासांनी. रोज एकच वेळ पाळली म्हणजे झालं. पॉवरलूमवर रात्रपाळी करणाऱ्यांना मी ‘सकाळी’ हा शब्द वापरतच नाही. सकाळी सातला ते जेवून झोपायला निघालेले असतात. त्यांना सांगतो, झोपून उठल्यावर, पहिल्या घासाच्या आधी. आमच्याकडे तेलुगू बोलणाऱ्या आज्या बऱ्याच येतात, त्यांतल्या कित्येकींना मराठी वाचता येत नाही. त्यांच्या पट्टीवर मार्करने चित्र काढून देतो: उगवता सूर्य, भरलेलं ताट, चंद्रकोर. थायरॉइडच्या डबीवर सूर्य आणि शेजारी फुली मारलेला कप.

कंपनी वारंवार बदलू नये. गोळी तीच असली तरी औषध आतड्यातून किती शिरतं यात कंपनीगणिक थोडा फरक पडू शकतो, आणि इथे थोड्या फरकालाही किंमत आहे. बदलावीच लागली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघायचा. डबी खिडकीत किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. ऊन, उकाडा आणि दमट हवा, तिन्ही या गोळीचे वैरी, आणि पहिल्या दोघांची सोलापुरात कमी नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या आधी लॅबला सांगा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो.

दोन गोष्टी ठासून सांगतो. दिवस राहिले म्हणून थायरॉइडची गोळी बंद करणाऱ्या मुली अजून भेटतात. ‘बाळाला औषध नको’ म्हणून सासूबाईंनी सांगितलेलं असतं. खरं तर गरोदरपणात ही गोळी वाढवावी लागते, कारण पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर चालते. दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. दुसरं याच्या उलट आहे. टीएसएच पाच-सहा आला म्हणून प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. टी४, म्हणजे रक्तातलं थायरॉक्सिन, नॉर्मल असेल आणि टीएसएच दहाच्या आत असेल तर वय, लक्षणं, ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडी, मूल हवंय का, हे सगळं बघून ठरवतात. सत्तरीच्या माणसाला गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन गेलं तर छातीत धडधड होते आणि हाडंही झिजतात.

थायरॉइड खरोखरच वाढलेला असेल, म्हणजे ग्रंथी जास्त रस सोडत असेल, तर कार्बिमॅझोल देतात. त्या गोळीचं एकच वाक्य लक्षात ठेवा: ताप आणि घसादुखी सुरू झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि रक्त तपासा. क्वचित कुणाच्या तरी पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात, पण ते घरी काढा पीत बसून निस्तरत नाही.

शुगरच्या गोळ्या सगळ्या एकसारख्या नसतात

‘माझी शुगरची गोळी’ म्हणजे नेमकी कोणती, हे रुग्णाला ठाऊक असायलाच हवं. कारण काही गोळ्या साखर वाढू देत नाहीत आणि काही ती खाली ओढतात. उपास, वारी, लग्नातलं लांबलेलं जेवण, अशा वेळी हा फरक जिवावर बेतू शकतो.

मेटफॉर्मिन पहिल्या प्रकारात येते. रात्रंदिवस यकृत रक्तात साखर सोडत असतं, त्याला ती आवर घालते. फ्रान्समध्ये १९५७ पासून मधुमेहासाठी वापरात असलेलं हे औषध, स्वस्त आणि अजूनही बहुतेकांच्या उपचाराची सुरुवात याच्यानेच होते. एकटी घेतली तर साखर धोक्याच्या खाली सहसा जात नाही. पोट बिघडवते म्हणून जेवणासोबत घ्यायची. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी होतं, मग पायाला मुंग्या येतात आणि घरात सगळे म्हणतात शुगरच्याच मुंग्या. बी१२ तपासून घेतलेलं बरं. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला असेल तर डोस कमी करतात किंवा बंद करतात. सिटी स्कॅनसाठी शिरेतून डाय देणार असतील तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांगा.

ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड दुसऱ्या प्रकारातल्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. आषाढीला पालख्या अकलूज, माळशिरसमार्गे आपल्या जिल्ह्यात येतात तेव्हा वाटेत चक्कर येऊन बसलेले वारकरी दिसतात. सगळ्यांना ऊनच लागलेलं नसतं. घरी दोन भाकरी खाऊन चार पावलं चालणारा माणूस इथे दिवसाला वीस किलोमीटर चालतो, जेवण मिळेल तेव्हा आणि मिळेल ते, पण गोळी मात्र घड्याळाच्या काट्यावर. साखर घसरणारच. वारीला, एकादशीला किंवा रमजानच्या रोज्यांना निघण्याआधी डॉक्टरांकडून या गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्या. रोज्यात साधारणपणे मोठा डोस संध्याकाळच्या इफ्तारला आणि छोटा पहाटेच्या सहेरीला नेतात, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा. बोटातून रक्त काढून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, असं अनेक धर्मगुरू सांगतात.

साखर ७० च्या खाली गेली की घाम, हातपाय कापणं, एकदम भूक, चिडचिड, बरळणं. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, तडक दवाखाना.

यात एक खाच आहे. ‘जीपीएम व्ही’सारख्या तीन औषधांच्या गोळ्या आपल्याकडे खूप चालतात आणि त्यातलं ‘व्ही’ म्हणजे बहुधा व्होग्लिबोज. हे औषध आतड्यात साखरेचे तुकडे होऊ देत नाही, त्यासाठीच तर देतात. पण मग चक्कर आल्यावर दिलेली घरची साखरही लवकर रक्तात शिरत नाही. अशा माणसाच्या खिशात ग्लुकोजची साधी पावडर हवी, चवीची नको. ग्लुकोजला तुकडे व्हायची गरज नसते, ते थेट जातं. व्होग्लिबोजची पट्टी देताना मी पावडरची पुडी पुढे करतो. गिऱ्हाइकाला वाटतं, हा माल खपवतोय. वाटू दे.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही अलीकडची मंडळी जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि किमती पार उतरल्या. हृदय आणि मूत्रपिंडालाही या गोळ्यांचा फायदा होतो, त्यामुळे शुगर नसलेल्यांनाही कधी कधी लिहून देतात. ‘मला शुगर नाही, ही गोळी चुकून दिली’ म्हणून भांडायला येऊ नका. लघवीतून साखर जाते म्हणून लघवीच्या जागी बुरशी धरून खाज सुटते. स्वच्छता ठेवावी, लाजून गप्प बसू नये. पाणीही जास्त जातं, म्हणून मे महिन्यात जपावं. उलट्या-जुलाब, जेवण बंद किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर या गोळ्या थांबवायच्या का ते लगेच विचारा. अशा वेळी रक्तात आम्ल साचू शकतं आणि साखर फार वाढलेली नसल्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल रोज कुणीतरी विचारतं. माउंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वेगोवी जूनमध्ये. दोन्ही आठवड्यातून एकदा. पोट हळू रिकामं होतं, भूक मरते, साखर आणि वजन दोन्ही उतरतात. औषधं चांगली आहेत, जादू नाही. बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, आणि नुसती भूक मारून प्रथिनं खाल्ली नाहीत तर चरबीबरोबर स्नायूही जातात. लग्न तोंडावर आलंय म्हणून चिठ्ठीशिवाय मागणाऱ्यांना आम्ही देत नाही.

इन्सुलिनची लाल टोपी, केशरी टोपी

‘इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं’ असं म्हणणाऱ्यांना मी कॅनडातली गोष्ट सांगतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी टाइप १ मधुमेह झालेलं मूल उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, दुसरा इलाज नव्हता. बॅन्टिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं. ज्याच्यामुळे लेकरं वाचली ते औषध शेवटचं कसं?

आता टोपीचं. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. सिरिंजही दोन: ४० च्या बाटलीसाठी लाल टोपीची, १०० साठी केशरी टोपीची. समजा तुमचा डोस २० युनिट. लाल टोपीच्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. पेनची सुई संपली म्हणून कुणी याच सिरिंजने पेनच्या कार्ट्रिजमधून २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर त्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये २० नव्हे, ५० युनिट आले. झोपेत साखर उतरेल आणि घरच्यांना सकाळी कळेल. म्हणून पेनमधून सिरिंजने कधीच ओढायचं नाही. बाटलीवरचा आकडा आणि टोपीचा रंग दर वेळी जुळवायचा, अगदी मी दिलेली असली तरीही.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको. एकदा गोठलं की ते वाया गेलं, वितळून पुन्हा चांगलं दिसलं तरी. चालू असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर टिकतं, पण ‘बाहेर’ म्हणजे २५-३० अंशांपर्यंत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. फ्रीज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या माठात ठेवा, खोलीपेक्षा बरंच गार राहतं. गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करायला जाऊ नका. वारीला नेताना बर्फाच्या पिशवीभोवती रुमाल गुंडाळा, इन्सुलिन थेट बर्फाला टेकू देऊ नका. ३०/७० सारखं गढूळ इन्सुलिन तळहातांत हळू फिरवून एकजीव करायचं, घुसळायचं नाही. स्वच्छ दिसणारं इन्सुलिन एक दिवस गढूळ दिसलं तर ते टाकून द्या.

आणि एकाच जागी टोचू नका. बेंबीच्या उजवीकडे हात बसलाय म्हणून वर्षभर तिथेच टोचलं की चरबीची गाठ होते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो आणि मग औषध कधी शिरतं, कधी नाही. शुगर वरखाली होत असेल तर डोस बदलायच्या आधी पोटावरून हात फिरवून गाठ लागते का बघा.

कॅल्शियमने हाडं ठिसूळ व्हायची थांबत नाहीत

हाडात जन्मभर दोन कामं एका वेळी चालतात: काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही नवं भरतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं आणि विरघळवण्याचा वेग वाढतो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली आला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, म्हणतात. तोवर काही दुखत नाही. बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं, तेव्हा कळतं.

कॅल्शियम आणि डी हवंच, पण ऑस्टिओपोरोसिस झाल्यावर ते दोघं एकटे पुरत नाहीत. कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत खरं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असतं, आणि ते जेवणासोबतच नीट शिरतं, कारण त्याला पोटातलं आम्ल लागतं. गॅसच्या गोळीवर असणाऱ्यांना सायट्रेट बरं.

‘डी’ची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा. रोज नव्हे, हे बजावून सांगतो. साधारण आठ आठवड्यांनी डॉक्टर ती महिन्यातून एकदा करतात. पण जुनी चिठ्ठी जपून ठेवून वर्षानुवर्षं दर रविवारी ती घेणारे लोक आहेत. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, फार तहान, शेवटी मूत्रपिंडाला इजा. बाकी इतकं ऊन असलेल्या गावात ही कॅप्सूल एवढी का खपते? दिवसभर घरात बसून विड्या वळणाऱ्या बायकांच्या अंगावर ऊन पडतं कधी?

हाड विरघळवणाऱ्या पेशींना शांत करणारी नेहमीची गोळी म्हणजे अलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एक. हिचं पथ्य थायरॉइडहून कडक आहे. सकाळी उठल्यावर, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, उभं राहून किंवा ताठ बसून. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. थायरॉइडची गोळीही असेल तर त्या दिवशी आधी ही, अर्ध्या तासाने ती, आणि चहा त्याहून उशिरा. ज्यांना हे जमत नाही किंवा ताठ बसवत नाही त्यांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देतात. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते, घाबरू नका. त्याआधी कॅल्शियम, डी आणि मूत्रपिंड तपासतात. ही औषधं हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतात, म्हणून काही वर्षांनी डॉक्टर सुट्टीही देतात. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना सांगा. मांडीत नवीनच दुखायला लागलं तर तेही दाखवा.

डेनोसुमॅबचं तसं नाही. सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, सोपं आहे, पण ते हाडात मुरत नाही. पुढचं चुकलं की दबलेल्या पेशी जोराने कामाला लागतात आणि मणक्याची हाडं एकामागोमाग मोडू शकतात. ‘बरं वाटतंय, आता नको’ असं इथे चालत नाही. थांबवायचं असेल तर त्याजागी दुसरं औषध देऊनच. टेरिपॅराटाइड मात्र नवं हाड भरतं. रोज एक टोचणी, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि पुढे कमावलेलं हाड टिकवायला दुसरं औषध.

गुडघ्याच्या पुड्या

आसपासच्या गावांतून कुणी कागदाच्या पुडीतली पांढरी भुकटी घेऊन येतं. ‘ह्याच्यानं गुडघा एकदम मोकळा झाला, असलंच द्या.’ एका दिवसात गुडघा मोकळा झाला, भूक खुलली, चेहरा गोल झाला, शुगर एकदम वाढली, जरा आपटलं की काळंनिळं होतं. असं असेल तर त्या पुडीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा, मग ती जडीबुटी म्हणून विकलेली असली तरी.

स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. दमा, संधिवात, अ‍ॅलर्जी यांत त्याने जीव वाचतात. पण तीन आठवड्यांपेक्षा जास्त बाहेरून मिळालं की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवायचं सोडते. मग अचानक बंद केलं तर अशक्तपणा, उलट्या, बीपी खाली, वेळप्रसंगी जीवही जातो. म्हणून पुडीचं कळल्यावर घाबरून त्याच दिवशी बंद करू नका. उरलेली पुडी घेऊन सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जा, ते हळूहळू कमी करतील. डॉक्टरांनीच तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड दिलं असेल तर हाडांसाठी काय करायचं, ते विचारून घ्या.

युरिक अ‍ॅसिडचं थोडक्यात. आकडा साडेसात आला पण सांधा कधी सुजला नाही, तर गोळी बहुधा लागत नाही. गाउटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडने सांधा सुजण्याचे, झटके येत असतील तर अ‍ॅलोप्युरिनॉल छोट्या डोसपासून सुरू करतात. चालू असताना झटका आला म्हणून बंद करू नका, अंगावर पुरळ आलं तर मात्र लगेच बंद करून डॉक्टर गाठा. आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असं नाही, कधीही घ्या. रात्रीचा नियम जुन्या सिमव्हास्टॅटिनचा.

एक शेवटचं राहिलं. टोचून झालेल्या सुया कॅरीबॅगेत गुंडाळून घंटागाडीत टाकतात आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात त्या घुसतात. फिनेलची रिकामी जाड बाटली घ्या, सुई वापरली की टोपण न लावता थेट तिच्यात टाका. तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहा. तुमची लॅब किंवा दवाखाना ती घेतो का विचारा, नाहीतर घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून वेगळी द्या.